पेटीला पाणी पाजायचे चौदा दिवस

१

सकाळी नऊ वाजता वजन करायचं. आधी पेटीचं, मग बिट्टीचं.

पेटीचं वजन हा कामाचा भाग होता. बिट्टीचं वजन मात्र बिट्टीची आई चोरून करायची. बिट्टी तीन महिन्यांची. जन्माला आली तीच मुळी मूठभर, त्यामुळे आईचा जीव कायम टांगणीला. दवाखान्यातली नर्स म्हणाली होती, "महिन्यातून एकदा वजन पुरे. रोज रोज करून स्वतःला वेड लावून घेऊ नका." घरात सगळे हसले होते. तेव्हापासून तिने त्याबद्दल कुणाशी बोलायचं सोडलं. आता पेटीच्या निमित्ताने वर्कशॉपमधला वजनकाटा मागच्या खोलीत टेबलावर आला होता. मग कोण सोडतंय! पेटी उतरवली की दुपटं अंथरायचं, काटा शून्यावर आणायचा आणि लंगोटसुद्धा काढून बिट्टीला वर ठेवायचं. वहीत दोन रकाने केले होते. डावीकडे पेटी, उजवीकडे बिट्टी.

नवरा पेट्या बनवायचा. दागिन्यांच्या, पेनांच्या, चष्म्याच्या. सिगार ठेवायची पेटी त्याने पहिल्यांदाच केली होती. तंबाखूच्या मोठ्या दुकानदाराने नमुना म्हणून मागितली होती. पसंत पडली तर वर्षभराचं काम मिळणार होतं. सव्वा हात लांब, बाहेरून काळपट चकचकीत, आतून तांबूस, सुवासिक सीडरचं लाकूड. झाकणाच्या आतल्या बाजूला घड्याळासारखी तबकडी, आतल्या हवेचा ओलावा दाखवणारी. झाकण हातातून सोडलं की ते आपटायचं नाही. सावकाश खाली यायचं आणि शेवटी आतली हवा बाहेर पडल्याचा एक बारीक आवाज यायचा. हुश्श.

"ऐकलंस?" नवरा म्हणाला होता. "हा आवाज आला म्हणजे झाकण बरोबर बसलं. एक केस जाणार नाही आत."

"आता हिचं करायचं काय?"

"पाणी पाजायचं. नवं लाकूड तहानलेलं असतं. तशाच सिगार भरल्या तर त्यांच्यातला ओलावा ओढून घेईल आणि त्यांचा होईल पाचोळा. म्हणून आधी लाकडाचं पोट भरायचं. एकदा आतून ओल्या फडक्याने पुसायची, मग वाटीत पाणी ठेवून झाकण लावायचं. रोज वाटी काढून नुसत्या पेटीचं वजन घ्यायचं. शंभर-सव्वाशे ग्रॅम वाढेल आणि थांबेल. लागोपाठ तीन दिवस वजन हललं नाही की पेटी तयार. मग तिच्यात काय ठेवायचं ते ठेवा."

"आणि मग ती ते पिणार नाही?"

"उलट. आत ठेवलेलं कोरडं पडायला लागलं की आपल्यातलं पाणी त्याला देते. घेते तशी देते."

"म्हणजे माझ्यासारखीच की."

"तुझ्यासारखी कशी? ती गप्प बसते," नवरा म्हणाला, आणि पुढच्या खोलीतून सासूबाई मोठ्याने हसल्या.

जाता जाता त्याने एकच बजावलं. "नळाचं पाणी नको हं. कपाटात डिस्टिल वॉटरचा कॅन आहे, तेच वापर. त्यात काही म्हणता काही नसतं. लाकडात मागे कसली खूण राहत नाही."

२

बिट्टीला झोपवून तिने कॅन काढला तर तो हलका लागला. तळाशी चमचाभर पाणी.

"आई, यातलं पाणी कुणी घेतलं?"

"मी घेतलं, इस्त्रीत घातलं," सासूबाई म्हणाल्या. "छान वाफ येते गं त्याची. का, काही औषध होतं का?"

"नाही, नाही. राहू दे."

आता दुकानात जायचं म्हणजे तास तरी मोडणार. बिट्टी अर्ध्या तासात उठणार. नवऱ्याला सांगायचं तर तो पॉलिशला बसलेला, हातातलं काम सोडणार नाही. आणि एवढंसं काम दिलं तेही हिला जमलं नाही, असं तो तोंडाने म्हणाला नसता तरी तिला ऐकू आलंच असतं.

चुलीजवळ झाकून ठेवलेलं पातेलं होतं. बिट्टीचे डोळे आणि तोंड पुसायला ती रोज पाणी वीस मिनिटं उकळून गार करून ठेवायची. उकळलं की पाणी शुद्ध, हे ती शाळेत शिकली होती. बिट्टीच्या डोळ्यांना चालतं ते लाकडाला का चालू नये?

नवं फडकं धागे सोडत होतं. म्हणून तिने बिट्टीचं जुनं दुपटं घेतलं, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं.

मग तिने पेटी पुसली. हाताला एकच पुसणं माहीत होतं, त्याच रीतीने पुसली. आधी मधला भाग, मग बाजू, मग बोटावर दुपट्याचं टोक गुंडाळून कोपरे, जसं बिट्टीच्या मानेच्या वळ्यांतून आणि काखेतून फिरवायची तसं. लाकूड ओलं व्हायचं आणि बघता बघता पाणी पिऊन पुन्हा फिकट पडायचं. ती पुसत राहिली. बिट्टीचीच लहान वाटी भरून आत ठेवली. आणि झाकण लावताना सवयीने तोंडातून निघून गेलं, "झालं हं. झालं माझ्या बाळाचं."

हुश्श, झाकण म्हणालं.

तिची तिलाच लाज वाटली. तिने मागे वळून पाहिलं, पण कुणी ऐकलं नव्हतं.

३

कोरडी पेटी चार किलो दोनशे दहा भरली होती. चौथ्या दिवशी ती चार किलो तीनशे तीसवर गेली. बरोब्बर एकशेवीस ग्रॅम, नवरा म्हणाला होता तेवढीच. वाटी रोज सकाळी अर्धी झालेली असायची आणि ती पुन्हा भरून ठेवायची. बिट्टीही चार किलो सातशेवर पोचली होती. वहीतले दोन्ही आकडे बघून तिला इतकं बरं वाटलं की तिने त्या दिवशी चहा गरम असताना प्यायला.

पाचव्या दिवशी पेटी उघडली तर वाटी काठोकाठ भरलेली. काल भरली तशीच. एक थेंब उतरलेला नाही.

'पोट भरलं वाटतं,' ती मनात म्हणाली. वाटी बाहेर काढली आणि पेटी काट्यावर ठेवली.

चार किलो तीनशे पंचावन्न.

पंचवीस वाढले होते. पाणी प्यायलेलं नाही, आणि पंचवीस ग्रॅम वाढले.

पेटी काढून तिने बिट्टीला ठेवलं. चार किलो सहाशे पंच्याहत्तर.

तिने बोटांवर मोजलं. पंचवीस कमी. बाळं कमी-जास्त होतात, तिने स्वतःला समजावलं. शी केली असेल. दूध कमी प्यायली असेल. पण ते दोन पंचवीस वहीत असे शेजारी शेजारी बसले होते की तिला पान उलटावंसं वाटलं.

सहाव्या दिवशी वाटी पुन्हा काठोकाठ. पेटी पंचवीसने जास्त, बिट्टी पंचवीसने कमी. सातव्या दिवशी तेच.

४

माणूस आधी यंत्रावर संशय घेतो. तिनेही घेतला. वर्कशॉपमधून एक किलोचं पितळी वजन आणून काट्यावर ठेवलं. एक हजार, ना एक जास्त ना एक कमी. काढलं, ठेवलं, उलटं ठेवलं. एक हजार.

"काटा बरोबर आहे गं," नवरा दारातून म्हणाला. "पेटीचं थांबलं का?"

"नाही अजून."

तो आत आला, झाकण उघडून तबकडी बघितली. सुई सत्तरवर हवी होती, ती ऐंशीवर होती. "एवढी कशी चढली?" त्याने तबकडी सोडवली. बाटलीच्या बुचात मीठ घेऊन दोन थेंब पाण्याने ओलं केलं आणि दोन्ही एका पिशवीत बंद करून ठेवलं. ओल्या मिठाजवळ सुई पंच्याहत्तर दाखवते. दाखवले तर खरी, नाही तर खोटी. संध्याकाळी पिशवी उघडली तर सुई पंच्याहत्तरवर.

"खरं बोलतेय बिचारी," तो डोकं खाजवत म्हणाला. "हवा दमट असेल."

हवा दमट नव्हती. मागच्या खोलीत वाळत घातलेले लंगोट तासाभरात कडकडीत होत होते. तिच्या बोटांची सालं निघत होती. बिट्टीचे ओठ कितीही वेळा पुसले तरी कडेला पांढरे पडत होते. आणि बिट्टी रडत नव्हती. इतकी शहाणी कधीपासून झाली? पोटभर प्यायची, डोळे उघडे ठेवून पडायची, आणि टेबलाच्या बाजूला मान वळवायची.

तिने बिट्टीचा पाळणा पुढच्या खोलीत हलवला. आठव्या दिवशी पंचवीस गेलेच. मग पेटीच वर्कशॉपमध्ये नेऊन ठेवली, मध्ये दोन भिंती आणि अंगण. नवव्या दिवशीही पंचवीस गेले. तिने पाळणा परत मागच्या खोलीत नेला आणि पेटीही परत आणली. डोळ्यांआड असली की जास्त भीती वाटत होती.

नर्सकडेही गेली. नर्सने कार्डावर बोट फिरवलं. "गेल्या महिन्यात साडेचार होती. आता चार पाचशे पंच्याहत्तर. वाढतेय की!"

"पण मधे सातशे झाली होती."

"कुठे?"

"घरी. पेट्यांच्या काट्यावर."

नर्सने चष्मा काढला. वाईट बाई नव्हती ती. "ताई, पेट्यांच्या काट्यावर पेट्या मोजाव्यात. ओठ कोरडे आहेत, पाजायचं वाढवा. तुम्हीही पाणी प्या. तीन दिवसांनी दाखवा, मग बघू. आणि थोडं झोपा हो."

घरी येऊन तिने हिशेब मांडला. इकडून पंचवीस जाणार, तिकडे पंचवीस येणार. दोघींमधलं अंतर रोज पन्नासने कमी होत होतं. आज एकशेवीस, उद्या सत्तर, परवा वीस.

परवा दुपारी कधीतरी दोघींचं वजन सारखं होणार होतं. मग पुढे काय होणार, हे तिला माहीत नव्हतं. पण सारखं होऊ द्यायचं नाही, एवढं तिला आतून ठाऊक होतं, जसं गरम तव्याला हात लावायचा नाही हे ठाऊक असतं.

५

दहाव्या दिवशी तिने सासूबाईंना सगळं सांगितलं. इस्त्रीचं पाणी, पातेल्यातलं पाणी, दुपटं, 'माझ्या बाळाचं' म्हणाली तेसुद्धा. वही पुढे केली.

सासूबाई लंगोटांच्या घड्या घालत होत्या. त्यांनी वही लांब धरून वाचली. "पोरी, तू झोपतेस किती तास?"

"आई, आकडे बघा ना."

"बघितले. हा माझा लेक लहान असताना मी दर तासाला त्याच्या नाकापुढे आरसा धरायची. श्वास चालू आहे का बघायला. तुझे सासरे म्हणायचे, अगं, त्याचा चालू आहे, तुझाच बंद पडेल." त्या हसल्या. तिला हसू आलं नाही, तेव्हा त्याही थांबल्या. "चल, दाखव मला काय ते."

मागच्या खोलीत त्यांनी झाकण उघडलं नाही. नुसता झाकणावर तळवा ठेवला, तापाच्या माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा. बराच वेळ ठेवला. मग हात काढून पदराला पुसला, पुन्हा पुसला.

"काय झालं, आई?"

"काही नाही. ऊन लागलं असेल खिडकीतून."

त्या खोलीच्या खिडकीत ऊन येत नव्हतं.

दारापाशी जाऊन त्या थांबल्या. मागे न बघता म्हणाल्या, "खूप भूक लागलेलं मूल असंच असतं. रडण्याइतकीही ताकद राहत नाही त्याला." मग एकदम आपल्याच बोलण्यावर रागावल्यासारख्या भराभरा निघून गेल्या. त्या दिवसापासून सासूबाईंनी मागच्या खोलीत पाय टाकला नाही.

६

अकराव्या दिवशी सकाळी पेटी चार पाचशे पाच. बिट्टी चार पाचशे पंचवीस.

नवरा बिजागऱ्या आणायला गेला होता. सासूबाई जेवून पुढच्या खोलीत आडव्या झाल्या होत्या. दीड वाजता तिने पुन्हा वजन केलं. पाचशे दहा आणि पाचशे वीस.

तिने वर्कशॉपमधला लाकडी हातोडा आणला. नवऱ्याचे दोन महिने गेले होते त्या पेटीत. त्याची बोलणी खाईन, वर्षभराचं काम जाईल, जाऊ दे. बिट्टीला दुपट्यात घट्ट गुंडाळून, हात आत घेऊन, तिने पाळण्यात ठेवलं. मग पेटीचं झाकण उघडलं, वाटी काढली आणि हातोडा उचलला.

तो सीडरचा वास नव्हता. आंघोळीनंतर बिट्टीच्या टाळूला येतो तसा, दुधाळ, कोमट वास होता.

पेटीचा तळ कोरडा होता. फक्त मधोमध ओल होती. चादरीवर झोपलेलं मूल उचललं की खाली उमटलेली असते तशी. वर एक गोल. त्याखाली पाठीचा बाक. पोटाशी घेतलेले दोन गुडघे.

ती खाली वाकली. गोलाच्या एका बाजूला, जिथे तोंड असायला हवं तिथे, लाकूड अगदी फिकट पडलं होतं, भेगाळलेलं. पिऊन पिऊनही तहान न भागल्यासारखं.

हातोडा खाली आला तो तिच्या मांडीवर. मारता येईना. भीतीने नव्हे. हे कुणीतरी आपल्याच हाताने तहानलेलं केलं आहे, एकदा पाजून मग झाकण लावून टाकलं आहे, असं तिला वाटलं.

शिवाय पेटी फोडली तर बिट्टीचं जे गेलं ते कुठे जाणार? फरशीवर सांडणार, हवेत उडणार. बिट्टीकडे तर येणार नाही.

घेते तशी देते. आत ठेवलेलं कोरडं पडायला लागलं की.

विचार मनात आला तशी तिने हातोडा खाली ठेवला. मग पाळण्याकडे गेली. बिट्टीचे ओठ पांढरे फटक होते. बिट्टी पेटीकडे बघत होती.

तिने तिला उचललं आणि पेटीत ठेवलं. डावा हात झाकण आणि कडेच्या मध्ये घट्ट धरून ठेवला. बिट्टी त्या ओलीवर बसली ती तसूभरही इकडेतिकडे नाही. डोक्याच्या जागी डोकं, पाठीला पाठ, गुडघ्यांना गुडघे.

बिट्टीने मान वळवली, लाकडाला तोंड लावलं. आणि आवाज यायला लागला. घोट, मग श्वास, मग घोट. तो आवाज तिच्या इतक्या ओळखीचा होता की तिला पान्हा फुटला.

झाकण जड झालं होतं. ढकलत नव्हतं, नुसतं टेकत होतं तिच्या बोटांवर. झोपेला आलेलं मूल खांद्यावर मान टाकतं तसं. बोटं बधिर झाली तरी तिने हात काढला नाही. तबकडीची सुई उतरत होती. ब्याऐंशी. एकोणऐंशी. पंच्याहत्तर.

आणि मग तिला ऐकू आलं की घोटांचे आवाज दोन आहेत. एक थांबला की दुसरा.

सत्तरवर सुई आली तशी तिने बिट्टीला झटक्यात उचललं. झाकण पडलं. हुश्श.

बिट्टी रडली. आठवड्यात पहिल्यांदा, घर डोक्यावर घेऊन, लालबुंद होऊन रडली. सासूबाई पुढच्या खोलीतून ओरडल्या, "अगं, काय झालं?" आणि बिट्टीची आई रडत रडत म्हणाली, "काही नाही आई, भूक लागलीय तिला. भूक लागलीय!"

पाजून झाल्यावर तिने वजन केलं. बिट्टी चार किलो सातशे. पेटी चार किलो तीनशे तीस. गेलेलं सगळं परत आलं होतं.

झाकण उघडून बघितलं तर तळ कोरडा, एकसारखा. फक्त आतल्या काठावर पाच बारीक ओले ठिपके होते, ओळीने. काठ धरून उठायला बघणाऱ्या बोटांचे असावेत तसे.

बिट्टीचे दोन्ही हात तर दुपट्यात होते.

७

बाराव्या दिवशी बिट्टीला दवाखान्यात नेलं. नर्सने पाठ थोपटली. "बघा, पाजायचं वाढवलंत ना? चार सातशे!" तिने मान हलवली. बिट्टी गळ्यातली साखळी ओढत होती, हसत होती, खणखणीत होती. बिट्टीची आई त्या दिवशी खरोखर चार तास सलग झोपली. सासूबाईंनी कुणाला आवाज करू दिला नाही.

तेराव्या दिवशी नवरा खूश. "सुई सत्तरवर, वजन हलत नाही. जमलं गं तुला!" तिने सगळं त्याला सांगायचं ठरवलं होतं. पण त्याचा तो चेहरा बघून ते गिळून टाकलं. झालं ते झालं. ठिपकेही वाळून गेले होते.

चौदाव्या दिवशी नऊ वाजता तिने दोघींचं वजन घेतलं. दहा वाजता तंबाखूचा दुकानदार आला. मोठं पोट, मोठा आवाज.

"काय वहिनी, तुम्हीच पाणी पाजलंत म्हणे पेटीला? आमच्या घरी ही मला चहासुद्धा पाजत नाही!"

सगळे हसले. नवऱ्याने वही उघडून डावा रकाना दाखवला. "हे बघा. बारा, तेरा, चौदा. चार तीनशे तीस, चार तीनशे तीस, चार तीनशे तीस. लागोपाठ तीन दिवस वजन हललं नाही. म्हणजे पेटी तयार."

बिट्टीला खांद्यावर घेऊन ती मागे उभी होती. नवऱ्याचं बोट डाव्या रकान्यावरून खाली सरकत होतं. तिची नजर उजव्यावर गेली.

चार सातशे. चार सातशे. चार सातशे.

तिने रोज ते आकडे स्वतःच्या हाताने लिहिले होते. जीव निवांत झाला होता म्हणून वाचले नव्हते. तीन महिन्यांचं मूल तीन दिवस एका ग्रॅमनेही हलत नाही?

तिने बिट्टीच्या टाळूवर नाक टेकवलं. दुधाचा वास होता. त्याच्या खाली, अगदी खोल, लाकडाचा.

दुकानदाराने पेटी उचलली होती.

"नाही," ती म्हणाली. "द्यायची नाही."

"अगं, काय बोलतेस?"

"अहो, ती पेटी जाऊ देऊ नका. माझ्या गळ्याशपथ."

लग्नानंतर ती चारचौघांत नवऱ्याच्या शब्दाबाहेर कधी गेली नव्हती. नवऱ्याने तिच्याकडे बघितलं, मग उघड्या वहीकडे. त्याला उजवा रकाना आज पहिल्यांदा दिसत होता. तो वरपासून खालपर्यंत वाचत गेला. वाचता वाचता एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. मापाचाच धंदा त्याचा. आकडे काय म्हणतात ते त्याला समजवावं लागत नव्हतं.

त्याने दुकानदाराच्या हातातून पेटी हळूच काढून घेतली, दोन्ही हातांनी, खालून आधार देऊन. "दादा, ही तयार नाही. दोन महिने द्या, दुसरी करून देतो."

"अरे, सुई सत्तरवर आहे!"

"असेल. पाणी हिने पाजलंय. ही नाही म्हणते म्हणजे नाही."

दुकानदार बडबडत गेला. परत येईल की नाही, काही सांगता येत नव्हतं.

८

तिने सगळं सांगितलं. तो वहीचं पान पुढेमागे करत ऐकत होता. पेटी पाळण्याशेजारी ठेवली होती. शेवटी त्याने घसा खाकरून अगदी हळू विचारलं, कुणाला ऐकू जाऊ नये तसं.

"मग... यातली आपली कुठली?"

बिट्टीने त्याचं बोट धरलं होतं. नेहमीसारखंच, घट्ट.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "खरंच माहीत नाही हो."

तो उठला. पातेल्यातलं गार केलेलं पाणी वाटीत ओतून त्यानेच आत ठेवलं. मग बिट्टीच्या दुपट्याची एक चिंधी फाडून, घडी घालून, झाकणाच्या कडेला अडकवली. बोटभर फट राहिली. एक केस आत जाणार नाही असं झाकण बसवायला ज्याने आठ दिवस घासलं होतं, त्यानेच ती फट नीट राहते ना हे तीनदा तपासलं.

बिट्टीला पाजून झालं की ती पेटीजवळ बसायला लागली. तळावर तळवा ठेवून, काहीबाही बोलत. सासूबाई दारातूनच विचारायच्या, "दोघींचं झालं का गं?" आणि खोलीत न येता पेटीवर घालायला एक धुतलेलं पांघरूण पुढे करायच्या.

पाचव्या सकाळी काटा हलला. पेटी चार तीनशे बेचाळीस. बिट्टी चार सातशे बारा. दोघींचे बारा बारा वाढले होते.

तिने आकडे लिहिले आणि कितीतरी वेळ वहीवर हात ठेवून बसून राहिली. बिट्टी झोपली होती. तिचा श्वास आत गेला, बाहेर आला. तो थांबला की पेटीच्या फटीतून दुसरा. हुश्श.

अजूनही वजन सकाळी नऊलाच होतं. फक्त आता एक दिवस आधी पेटी, एक दिवस आधी बिट्टी. ती चुकू देत नाही. दुसरीला वाईट वाटायला नको.